चार नंबर कोर्टाचा बोर्ड

२२ मार्च

धाकटे,

‘अनेक आशीर्वाद’ लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. चार वर्षं जी आपल्याशी बोललेली नाही, तिला आशीर्वाद देणं जरा जास्तच होतं. म्हणून थेट कामाचं लिहितो.

११ एप्रिलला तुझी केस चार नंबर कोर्टाच्या बोर्डावर पहिली आहे. एक नंबर. छपाईची गडबड नाही, डायरीत मी स्वतः पहिल्या ओळीवर घेतली आहे. पावणेअकराला कोर्टाच्या दाराशी उभी राहा. अकराला म्हणजे अकराला पुकारा होईल. नेहमीसारखी दुपारच्या हिशेबाने येऊ नकोस. आदल्या दिवशी येऊन राहा हवं तर. माझ्याकडे राहा असं म्हणणार नाही, स्टेशनसमोरची लॉज स्वच्छ आहे.

१७ एप्रिलला बुटकीला अठरा पूर्ण होतात. तू तिची आई, तारीख तुला मी सांगायला नको. पण अठरा झाल्यावर ताब्याच्या अर्जाचं काय होतं ते तुझ्या वकिलाने तुला सांगितलं असेल की नाही, शंका आहे. काहीही होत नाही. सज्ञान माणसाचा ताबा कोणी कोणाला देत नाही. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, फाईलला दोरी बांधतात आणि खाली रेकॉर्डरूममध्ये पाठवतात.

सहा दिवसांचा ताबा घेऊन काय करू, असं तू म्हणशील. ताब्याचं सोड. साहेबांनी एकदा तिला आत बोलवावं, तुला कुठे राहायचं होतं म्हणून विचारावं, आणि ती बोलेल ते लिहून घ्यावं, एवढंच उरलंय. आईने टाकलं असं ऐकत ती वाढली. आई सहा वर्षं मागत होती, हे एका तरी सरकारी कागदावर यायला हवं. चार वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसच्या खिडकीशी तू हेच म्हणाली होतीस. मला आठवतंय.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर माझीही बाजू ऐक. त्या दिवशी तुझ्यामागे अकरा माणसं रांगेत होती. तू जाळीला तोंड लावून म्हणालीस, “दादा, एकदाच वर घे ना आम्हाला. पोर शाळा बुडवून येऊन बसते रे.” मी म्हणालो, “बाई, इथे सगळे सारखे. पुढचे या.” सख्ख्या बहिणीला बाई म्हणालो. पण मागे दोन वकिलांचे कारकून कान टवकारून उभे होते. बोर्ड काढणाऱ्या माणसाने एकदा ओळख दाखवली की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाशी त्याचं नातं निघतं. एकोणतीस वर्षं मी हे टेबल सांभाळलं ते याच नियमावर.

हे तुला पटावं म्हणून लिहीत नाही. ये. पावणेअकरा.

तुझा
दादा

ता. क. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. प्रत माझ्याकडे ठेवली आहे, जुनी सवय.


३ एप्रिल

धाकटे,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, तरी दोन दिवस टपाल येताना मी जिन्याकडे बघत होतो.

तुझ्या वकिलाला काल व्हरांड्यात गाठून सांगितलं. तो हसला. “चार नंबरला एक नंबर म्हणजे काय हो? साहेब बारापर्यंत तातडीचे अर्जच ऐकतात. दोन नंबरमध्ये माझं काम आहे अकराला, ते उरकून येतो.” मी म्हटलं, नवीन साहेब तातडीचे अर्ज दुपारी घेतात, महिना झाला. त्याने मान हलवली. ती मान मला चांगली ठाऊक आहे. रोज पन्नास जणांकडे बघून हलते.

म्हणून तुलाच पुन्हा लिहितोय. तू ये म्हणजे झालं.

पहिल्या ओळीवर तुला घेताना काय झालं ते सांगतो. त्या दिवशीच्या डायरीत पहिला एक म्हातारा होता, काठी टेकत येणारा. आमच्याकडे चालत आलंय की आजाऱ्या-म्हाताऱ्यांना वर घ्यायचं. त्याला मी दोनवर सरकवलं. एक ओळ, बाकी काही नाही. पण लिहून झाल्यावर रबर घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. अधीक्षक समोरून गेले तर मी डायरी मिटून तिच्यावर डबा ठेवला आणि जेवायला बसलो. साडेअकरा वाजले होते.

आमची खोली तशीच आहे. पंख्याचा आवाजही तोच. सूचनाफलकाची काच अजून अडकते, चार वाजता उद्याचा बोर्ड चिकटवताना दोघांना ओढावी लागते. चार नंबरचं छत तेवढं दुरुस्त झालं. तुला आठवत असेल, ते गळत होतं म्हणून अडीच महिने त्या कोर्टाला खोलीच नव्हती. एक दिवसाआड सहा नंबरच्या खोलीत बसायचे, दोघांचे पक्षकार एकाच व्हरांड्यात. तुझ्या तीन तारखा तिथेच वाहून गेल्या. त्याआधी जुन्या साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब येईपर्यंत नुसत्या तारखा पडल्या, त्यात दीड वर्ष. हे सगळं तू भोगलंस, तुला कशाला सांगतोय.

आज ती शिंपीणबाई आली होती खिडकीवर. तू तिला ओळखत नाहीस. तिची केस तुझ्याच दिवशी दाखल झाली होती, तुझ्या पाठोपाठ. तिलाही मूल हवं होतं. मुलगा. आता त्याला मिसरूड फुटलंय, आईची पिशवी धरून मागे उभा होता. तिला निकालाची नक्कल हवी होती. मी शेजारच्याला खिडकीवर बसवलं आणि चहाला गेलो. ती आली की मी नेहमी चहाला जातो. का, ते आज लिहीत नाही.

अकरा तारीख. पावणेअकरा. लवकर ये.

दादा


११ एप्रिल, दुपार

धाकटे,

तू आत्ताच जिना उतरून गेलीस. मी टेबलाशी येऊन हे लिहितोय. तू उघडणार नाहीस ते आता कळलंय, तरी लिहितोय. हात दुसऱ्या कामाला लागत नाही.

काय झालं ते नीट सांगतो, कारण पट्टेवाल्याने तुला तुटक सांगितलं.

अकराला साहेब बसले. पट्टेवाल्याने तुझा पुकारा केला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, खाली सायकली लावणारे वर बघतात. तीनदा पुकारलं. तिचे वडील आणि त्यांचा वकील आत गेले. बुटकी बाकावरून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. तेच बाक, ज्याची मधली पट्टी निघालेली आहे. सहा वर्षांपूर्वी त्यावर बसली की तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

साहेबांनी विचारलं, अर्जदार बाई कुठे आहेत? कोणी नाही. वकील? दोन नंबरमध्ये. मग विचारलं, मुलगी आली आहे का? तिच्या वडिलांचा वकील म्हणाला, “आली आहे साहेब. पण अर्जदारच हजर नाही. आणि सहा दिवसांत मुलगी सज्ञान होते.”

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “मग आज विचारून काय साधणार? वीस तारीख ठेवा.”

चार मिनिटं लागली. सहा वर्षांत तुझ्या केसला एवढ्या झटपट कोणी हात घातला नव्हता. मी फायली द्यायच्या निमित्ताने दाराशीच होतो. कारकुनाला कोर्टात बोलता येत नाही.

तू आलीस तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बोटांना चष्म्याच्या काचा घासताना उडणारी पांढरी पूड तशीच होती. कालची संध्याकाळची पाळी करून पहाटेची गाडी धरली असणार. तू पट्टेवाल्याला सवयीने विचारलंस, “आज कितवा नंबर?”

“एक होता बाई. झाला.”

“झाला म्हणजे?”

“पुकारा झाला. वीस तारीख पडली.”

तू हसलीस. मला वाटलं रडशील. मग मी दिसलो.

“हे तू केलंस दादा?”

“मी पत्र टाकलं होतं. दोन टाकली.”

“तुझी पत्रं मी उघडत नाही. बिस्किटांच्या डब्यात पडलीत.”

“अकराला ये म्हणून लिहिलं होतं गं.”

“सहा वर्षांत मला चार वाजायच्या आत कधी पुकारलंय का? सांग ना. एकदा तरी?”

नाही पुकारलं. बोर्ड मीच काढत होतो.

मग तू खाली बघत विचारलंस, “आली होती ती?” मी हो म्हटलं. “काय घातलं होतं?” निळा सदरा, मी म्हणालो. “उंची?” मी हात वर केला, माझ्या कानापाशी धरला. तू त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि जिना उतरून गेलीस. बुटकी आणि तिचे वडील तू येण्याआधी दहाच मिनिटं दुसऱ्या जिन्याने गेले होते. ते मी तेव्हा सांगितलं नाही.

दादा


१३ एप्रिल

धाकटे,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलंय. न उघडल्या जाणाऱ्या पत्रातसुद्धा खोटं लिहावंसं वाटतं, इतकी सवय झाली आहे.

कारकुनाला कोर्टात बोलता येतं. रोज बोलतो. “साहेब, पक्षकार वाटेत आहेत, केस थोडी मागे ठेवावी.” एवढंच म्हणायचं असतं. कोणीही म्हणतं, पट्टेवालासुद्धा म्हणतो, आणि कुठलेही साहेब अर्धा तास मागे ठेवतात. मला माहीत होतं की तू येणार. तू एकही तारीख चुकवलेली नाहीस. फायली छातीशी धरून मी दारात उभा होतो, वाक्य तोंडात तयार होतं. पण साहेब विचारतील, तुम्हाला कसं माहीत, बाई तुमच्या कोण? हे मनात आलं आणि माझी दातखीळ बसली. चार मिनिटं मी तसाच होतो.

आता मागचंही सांगतो. सहा वर्षांपूर्वीचं. हे कालपर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

ताब्याच्या केसेस आमच्याकडे दोनच कोर्टांत जातात, दोन नंबर आणि चार नंबर. कोणाकडे काय जाईल ते माणूस ठरवत नाही. सकाळी अर्ज येतील तशी थप्पी लागते. वरचा अर्ज दोनला, त्याखालचा चारला, मग परत दोनला, परत चारला. मी फक्त शिक्का मारत जायचं. तुझा अर्ज आला तो दोनवर जात होता.

दोन नंबरला तेव्हा त्या मॅडम होत्या, ज्यांना आम्ही मागून कात्री म्हणायचो. कोणाला बोलू द्यायच्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी एका आईला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “रडायचं असेल तर बाहेर बसा, इथे तारखेप्रमाणे बोला.” ती बाई व्हरांड्यात भिंतीला धरून बसली होती, मी पाहिलं होतं. आणि चार नंबरचे जुने साहेब म्हणजे देवमाणूस. बाई रडली की पाणी मागवायचे, थांबायचे, पुन्हा विचारायचे.

तू लहानपणापासून रडकी. कोणी आवाज चढवला की तुझी वाचाच जायची. मला वाटलं, माझी बहीण त्या कात्रीसमोर उभी राहिली तर एक वाक्य बोलायची नाही आणि पोर गमावून बसेल. मी इकडेतिकडे बघितलं आणि तुझा अर्ज थप्पीत एक खाली सरकवला. खालचा वर आला. तो शिंपीणबाईचा होता.

शिंपीणबाईला सात महिन्यांत निकाल मिळाला. कात्रीबाई कोणाला रडू द्यायच्या नाहीत, तशी पुढची तारीखही मागू द्यायच्या नाहीत. तिसऱ्याच तारखेला त्यांनी मुलाला आत बोलावून विचारलं. मुलगा आईकडे गेला. त्या वर्षी दोन नंबरला गेलेल्या ताब्याच्या बहुतेक केसेस वर्षाच्या आत संपल्या.

आणि चार नंबरचा देवमाणूस सगळ्यांचं ऐकायचा, सगळ्यांसाठी पाणी मागवायचा. त्यामुळे त्यांचा बोर्ड अकराव्या केसच्या पुढे कधी गेला नाही. कधीच नाही. हे कोणाला माहीत असायला हवं होतं? मला. रोज संध्याकाळी न झालेल्या केसेस दुसऱ्या तारखेला मीच लावत होतो. आकडे माझ्याच हाताखालून जात होते आणि मी माणसाचा स्वभाव बघत बसलो. बाहेरच्या माणसाने ही चूक केलीच नसती. त्याला साहेब चांगले की वाईट हेच माहीत नसतं.

सरकवला तो सरकवला, निदान पुढे तरी केस वर घ्यायची. तेही केलं नाही. नात्यातल्याची केस असेल तर आम्हाला लेखी द्यावं लागतं, मग ते टेबल दुसऱ्याकडे जातं. मी दिलं नाही. टेबल सोडलं तर धाकटीला मदत कशी करणार, असं स्वतःला समजावलं. आणि मग मदत केली तर कोणी थप्पीचा क्रम तपासेल, म्हणून मदतही केली नाही. तुझी केस चौदाच्या वर मी कधी लावली नाही. चौदा, सोळा, एकदा एकोणीस. संशय नको म्हणून. त्या बाकावर बुटकी बसलेली मला काचेतून दिसायची. एकदा तिने हात हलवला. मी शिक्का मारत राहिलो.

काल हे सगळं लिहून अधीक्षकांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. “तुम्ही सप्टेंबरात निवृत्त होताय ना?” हो म्हटलं. “मग कशाला उकरून काढता?” मी म्हटलं, चौकशी लावा. त्यांनी वरती पाठवलं. आज उत्तर आलं. चौकशी लागली, तारीख नोव्हेंबरातली. निवृत्तीनंतरची. शेजारचा म्हणाला, “घ्या, तुमचाही नंबर चौदाच दिसतोय.” सगळे हसले, मीही हसलो. मग जिन्यात जाऊन बसलो. चार वाजले, उद्याचा बोर्ड चिकटवायला उठावं लागलं.

मला माफ कर असं लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं.

दादा


२१ एप्रिल

धाकटे,

काल तुझी केस बोर्डावर नववी होती. कोणीच आलं नाही. कोर्टाच्या रोजनाम्यात एक ओळ आहे. ‘मुलगी सज्ञान झाल्याने अर्ज निकाली.’ आई सहा वर्षं मागत होती, हे कुठेच नाही. तुला हवा होता तो कागद झाला नाही, आणि आता होणारही नाही.

आज सकाळी खिडकीवर एक उंच मुलगी आली. निकालाची नक्कल हवी म्हणाली. तिला दूरच्या गावी प्रवेश मिळालाय, पूल बांधायचं शिक्षण. आधीच्या फॉर्मवर ‘पालकत्वाची केस चालू’ असं लिहिलेलं होतं, ती संपल्याचा कागद वसतिगृहवाल्यांना हवाय. मी मान वर न करता म्हटलं, दुपारी या. ती हलली नाही.

“तुम्ही मामा ना? कायम काचेच्या आत असायचात.”

मी या वेळी चहाला गेलो नाही. खिडकी लावली, बाहेर आलो आणि त्याच बाकावर तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, “आता तू मोठी झालीस. हवं तिकडे राहू शकतेस. आईकडे जा.”

“जाईन कधीतरी.” मग म्हणाली, “मामा, खरं सांगू? तिच्यासमोर बसलं की काय बोलायचं तेच कळत नाही. खालच्या भेटीच्या खोलीत त्या तुटक्या तीनचाकी सायकलीशेजारी बसायचो ना आम्ही, दोन-दोन तास. ती विचारायची अभ्यास कसा चाललाय, मी म्हणायचे छान. पाहुण्यांशी बोलतात तसं. ती वाईट नाही. पण मला ती माहीतच नाही.”

रागाने बोलली असती तर मी काही तरी म्हटलं असतं. अगदी साधेपणाने बोलली.

नक्कल काढायला मी तिची फाईल मागवली. दोरी सोडून पानं उलटत होतो, तर आधीच्या रोजनाम्यांच्या मध्ये चौकटीच्या वहीचं एक पान घडी घालून टाचलेलं. वर चार नंबरचा आवक शिक्का, चौदा नोव्हेंबर, सहा वर्षांपूर्वीचा. बाजूला तिथल्या कारकुनाच्या अक्षरात, ‘मुलीने चिठ्ठी आणून दिली. सुनावणीच्या वेळी साहेबांपुढे ठेवणे.’ सुनावणी झालीच नाही, म्हणून कोणी ठेवली नाही. पुढे पानावर पानं चढत गेली.

मी ती बुटकीला दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. कानांपर्यंत लाल झाली. “मी लिहिलंय हे? मला आठवतसुद्धा नाही.” घडी घातली आणि मला परत दिली. “तुझी आहे, ठेव,” मी म्हणालो. “नको मामा. मी नेली तर हरवेल. आईला द्या.”

“माझी पत्रं ती उघडत नाही.”

“मग?”

मी पाकीट पुढे केलं. “पत्ता तेवढा तुझ्या हाताने लिही.”

तिला तुझा पत्ता पाठ नव्हता. मी सांगितला, तिने लिहिला. चष्म्याच्या दुकानाचं नाव दोनदा विचारलं. अक्षर आता तुझ्यासारखं झालंय, ‘र’ला तसाच खाली ओढते. नोंदवहीत मी ‘मूळ कागद मुलीस परत’ असं लिहून तिची सही घेतली, तेवढं तरी नियमाने. परवा सकाळच्या गाडीने ती जाणार आहे. कुठल्या, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर धाकटे, हे पाकीट तिचं आहे असं समजून तू उघडलंस. पुन्हा एकदा मी तुला विचारल्याशिवाय कागद इकडचा तिकडे केलाय. आत माझ्या आधीच्या चारही पत्रांच्या प्रती आहेत, फाईल लावतात तशा, जुनं सर्वांत खाली. वाचायच्या नसतील तर वाचू नकोस, डब्यात टाक. चिठ्ठी सगळ्यांत वर ठेवली आहे.

पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय आणि तुझे डोळे दिवसभर काचेवर असतात. म्हणून खाली जशीच्या तशी उतरवून देतो. माझ्या हाताला दुसरं काही येत नाही.

“न्यायाधीश साहेब,

मला आईकडे राहायचं आहे. बाबा वाईट नाहीत. पण मला आईकडे राहायचं आहे. हे बाबांसमोर विचारू नका, आत बोलावून विचारा.

मी आज दुसऱ्यांदा शाळा बुडवून आले आहे. आज आमचा नंबर चौदा आहे. आई म्हणते काळजी करू नको, बोर्ड लावणारे माझे मामा आहेत, ते आपल्याला विसरणार नाहीत. म्हणून कितीही उशीर झाला तरी मी बाकावर बसून राहणार आहे. नाव पुकारलं की लगेच येते.”

मूळ कागदावरून उतरवली. खरी नक्कल.

दादा